मनमाडपर्यंतची परिक्रमा

नर्मदेची तीन वर्षांची परिक्रमा अनवाणी करायची, पण त्यासाठी आधी ओंकारेश्वर गाठायला हवं. म्हणून गोरक्षतात्यांनी शाळेच्या अब्राहाम मास्तरांना दोन महिने छळून गाड्यांच्या वेळा पाठ केल्या: बेलापूर स्टेशनला चढायचं, मनमाडला गाडी बदलायची, मग खांडवा. निघताना सगळं गाव लेझीम खेळत वेशीपर्यंत आलं. "माघारी आलो की गावाला बुंदीच्या लाडवाचं मावंदं जेवू घालीन!" तात्यांनी जाहीर केलं. बायकोनं, बनुबाईंनी, तीन वर्षांचं एकदम रडून घेतलं.

मनमाडला गाडी लढाईवर निघालेल्या फौजेच्या शिपायांनी इतकी खच्चून भरली होती की तात्यांचा नुसता पंचा आत शिरला. पंचा खांडव्याला गेला, तात्या फलाटावर राहिले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव झोपलेलं बघून, तात्यांनी घराचं मागलं दार वाजवलं.

"उघड गं, मी हाय."

"माघारी आला म्हंजी मावंदं आलं," बनुबाई आतूनच बोलल्या. "गावानं लाडू मागितलं तर साखर कुठली आनू? सगळी रेशनवर हाय."

"मग मी काय करू?"

कडी काही निघाली नाही; दाराच्या फटीतून बनुबाईंचा आवाज तेवढा आला.



"लढाई संपली की या."