मुरमाखालची काळी माती

सोपानरावांनी खड्ड्यातला मूठभर मुरूम नाकाशी नेला आणि ते चक्रावले. वास खनिज तेलाचाच होता.

"भाऊ, तेल हाय का न्हाई, येवढंच सांगा," वरून हिराबाई म्हणाल्या.

निरगुडसरला हिराबाईंच्या शेतात कांद्याच्या चाळीसाठी कॉलमचे खड्डे घेतले होते. त्यातला एक तीन दिवस रॉकेलसारखा वास मारत होता. गावाने तर बोलता बोलता तेलविहिरीही उभ्या केल्या! महाळुंगे पडवळच्या सोपानरावांनी तीस वर्षं आसामात, डोंगराच्या पायथ्याला तेलविहिरी खोदलेल्या, म्हणून त्यांना बोलावणं गेलं. निवृत्तीनंतर त्यांच्या विद्येची विचारपूस पहिल्यांदाच होत होती. गडी खुशीत होता.

"आपल्या काळ्या दगडात कुठलं तेल, वहिनी? तिकडं डोंगर एकमेकाला रेटतात. जुना थर नव्याच्या उरावर चढून बसतो आन् तेल त्याच्याखाली कोंडतं. आमी आदी जुना दगड बघून माघारी फिरायचो. मग कळलं, खरी गंमत त्याच्याच खाली हाय."

"तेल निघूच नये बाई. जमीन जाईल. निम्मी माझ्या सुदर्शनची हाय."

सुदर्शन त्यांचा धाकटा. तीन वर्षांपूर्वी थोरल्या गोरखशी वाटणीवरून भांडला आणि नव्या मोटरसायकलवरून निघून गेला. आपण स्वतः त्याला हायवेला लागताना पाहिलं, असं गोरख सांगे. त्यानंतर ना फोन, ना निरोप. धाकट्याचा हिस्सा नावावर करून दे, असं गोरख अधूनमधून म्हणे. हिराबाई ऐकत नसत.

"गाडी आणली तवा गळ्यातल्या दोन कवड्यांतली एक हँडलला बांधली मी," त्या उरलेली पिवळी कवडी चाचपत म्हणाल्या. "येईल त्यो."

सोपानरावांनी विषय बदलला. "चाळ हितंच का घेतली?"

"ह्यो तुकडा पिकत न्हाई. वर समदा मुरूम. गोरख म्हनत व्हता घराजवळ बांध, पण चांगली जमीन कशापायी अडवायची?"

तेवढ्यात फोन वाजला. चाकणहून गोरखच होता.

"खड्डा बुजव म्हनतोय," फोन ठेवून हिराबाई म्हणाल्या. "बोभाटा झाला तर सरकार जमीन घेईल. निघालाय तिकडनं."

"बरोबर हाय त्याचं," सोपानराव म्हणाले. पण पहार काही हातातून सुटेना.

तीन फूट मुरूम संपला आणि खाली काळी माती लागली. सोपानराव थबकले. साऱ्या शेतात काळी वर आणि मुरूम खाली, इथंच उलटं. शेतकरी विहीर खणतानाही काळी वेगळी काढून ठेवतो, मुरमाखाली घालत नाही. रेटणारा डोंगर इथं नव्हता. म्हणजे हे थर कुणीतरी घाईत उलटे केले होते.

"ऱ्हाऊ द्या भाऊ, गोरख येतोच हाय."

"एक हात खाली जाऊ द्या, वहिनी."

पहार लोखंडावर खणकली. सोपानरावांना हसूच आलं. कुणीतरी डिझेलचं जुनं पिंप पुरलेलं दिसत होतं.

"वहिनी, जमीन कुटं जात न्हाई तुमची!" त्यांनी आनंदाने ओरडून सांगितलं आणि हाताने माती बाजूला सारली.

रबराची मूठ लागली. तिच्याशेजारी काळा दोरा घट्ट बांधलेला होता. त्यांनी अंगठ्याने त्यावरची माती पुसली, तर खाली पिवळी कवडी होती.