फक्त बघण्यापुरतं

बाबा गेल्यावर त्यांचे फोटो आणि दशावताराची रेकॉर्डिंग्ज मी चारकोपच्या घरातल्या सर्व्हरवर टाकली. तीन रविवार त्यातच गेले. आता ती घरातल्या सगळ्यांना आपापल्या फोनवर दिसावीत, एवढंच उरलं होतं.

निमेशदादाचा फोन आला. "झालं का गं? कोणाकोणाची नावं घातलीस?"

"आपल्या दोघांची. आईला फक्त बघण्यापुरतं ठेवलंय. तिला हात लावू दिला ना, तर एका दिवसात सगळं उडवून टाकेल."

"बरं केलंस," तो म्हणाला.

फोन ठेवून वळले, तर आई दारात उभी होती.



"घर तुम्हा दोघांच्या नावावर झालं ना? आता मला गावाला कधी पाठवताय तेवढं सांगा. कपडे भरून ठेवते."