काठोकाठ गडवा

मासे धरायच्या जाळ्यातल्या शिशाच्या चार गोळ्या.

काठोकाठ भरलेला पितळी गडवा.

मूठभर वाळका चिखल.

एकोणीसशे सदुसष्टची फियाट.

इंजिन तर जमलं होतं. भंडाऱ्यातल्या आपल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये डोमाने फियाट चालू केली, बॉनेटवर गडवा ठेवला. पाणी हललं, सांडलं नाही. त्याची कसोटी तीच. पण रस्त्यावर पन्नासच्या वर गेली की स्टिअरिंग हातात थरथरायचं. कालच त्याने पुढची चाकं तोलली होती. चाक मोकळं फिरवायचं, जड बाजू खाली येऊन थांबली की तिच्या समोर शिसं बसवायचं. तरी आज थरथर वाढलीच होती.

"तीस वर्षं तुझ्याच हाताखाली आहे ही," वासुदेव गुरुजी म्हणाले. "आज नाही जमलं तं येत्या इतवारी नागपूरवाला गाडी घ्याले येऊन राहिला. देऊन टाकतो त्याले."

डोमा पाना उगाच पुसत राहिला.

बाकावर गुरुजींच्या पत्नी गोदावरीबाई बसल्या होत्या. गाडीच्या गोष्टीत त्या कधी पडत नसत.

"चाक आतून पाहिलं का रे, डोमा?"

"आतून कायले, काकू? बाहेरून धुतलं ना चकाचक."

"पाय धुतो तं टाच सोडून धुतो का?"

डोमाने चाक उतरवलं. आतल्या बाजूला चिखलाचं वाळकं ढेकूळ, अर्धंच. उरलेलं रस्त्यात कुठेतरी गळून पडलेलं. काल त्याने चिखलही तोलला होता, आणि चिखलाच्या वजनाचं शिसं लावलं होतं.

ढेकूळ हातात फुटलं. आत धानाची मुळं.

"हा कुठचा?" गुरुजी म्हणाले. "आपली गाडी डांबर सोडून जात नाही."

डोमाने काकूंकडे पाहिलं. त्या गडव्याकडे पाहत होत्या. त्याने मूठ मिटली.

"रस्त्याचाच होय, गुरुजी. रस्ते तरी कुठं धड आहेत आता."

चाक पुन्हा तोललं. चारातली एकच गोळी लागली. तिघं वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आले, गडवा गोदावरीबाईंच्या मांडीवर. काटा साठला टेकला. लुगड्यावर थेंब नाही.

"त्या नागपूरवाल्याले फोन करतो," गुरुजी उतरता उतरता म्हणाले. "येऊ नोको म्हणतो."

गोदावरीबाईंनी गडवा डोमापुढे धरला. "पी."

आषाढात गुरुजी चार दिवस परगावी होते, तेव्हा ही फियाट अड्याळजवळ धानाच्या रोवणीसाठी चिखल केलेल्या बांधीत उतरली होती. चालवत गोदावरीबाई होत्या.