खातं बदललं आहे

"आमच्या दुकानाचं बँक खातं बदललं आहे. यापुढचं पेमेंट खालील नव्या खात्यात करावं."

छापखान्यात अशी मेल आली आणि हिशेब बघणाऱ्या ताईंनी थेट कागदवाल्या काकांना फोन लावला. असल्या मेलला उत्तर द्यायचं नाही, आधी माणसाशी बोलायचं, हा त्यांचा शिरस्ता.

"अहो ताई, या वयात बायको आणि बँक कोण बदलतं?" काका हसले. "चोर असणार कुणीतरी. दमडीसुद्धा पाठवू नका."

"म्हणूनच विचारलं, काका. हे लोक हुबेहूब तुमच्यासारखं लिहितात. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही सावध करा."

काकांना हुरूप आला. हातातलं कागदाचं रीम तसंच काउंटरवर टाकून ते आतल्या खोलीत गेले. मुलगा कॉम्प्युटरवर बसला होता. दुकानाची मेल, बँक, सगळं अलीकडे तोच बघायचा.

"अरे, आपल्या नावानं कुणीतरी खोटी मेल धाडलीय. खातं बदललं म्हणे. बरं झालं, ताईंनी मलाच फोन केला, नाहीतर आपल्या कष्टाचे पैसे भलत्याच्याच घशात गेले असते. आता एक काम कर, सगळ्यांना कळव की त्या मेलवर विश्वास ठेवू नका."

मुलानं स्क्रीनवरून नजर हटवली नाही.



"मेल खरी आहे, बाबा. नवं खातं माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ताईंनी तुम्हाला विचारायला नको होतं."