कानात शंभर माग

परिचारिकेने रेवतीताईंच्या डोक्याला पट्टी लावली आणि शेवटचं विचारलं, "नक्की ना, ताई? विधेयक मंजूर होईपर्यंत काढता येणार नाही; आधी काढली तर तुमचा पाठिंबा रद्द."

नियम सगळ्यांना सारखाच होता. ज्या दुखण्यावर कायदा मागायचा, ते दुखणं पाठिंबा देणाऱ्या खासदाराने आधी स्वतःच्या अंगावर घ्यायचं. म्हणून तर हल्ली संसदेत बागांची आणि पुतळ्यांची विधेयकं धडाधड मंजूर व्हायची, आणि यंत्रमाग कामगारांच्या बहिरेपणाचं विधेयक कितीतरी अधिवेशनं नुसतं पडून होतं.

"बांध गं घट्ट," इचलकरंजीकडच्या खासदार रेवती मगदूम म्हणाल्या. सकाळीच त्यांनी लेकीला फोन लावून तिचं गाणं पोटभर ऐकून घेतलं होतं.

पट्टीवरची कळ दाबली आणि कानात शंभर माग एकदम सुरू झाले. परिचारिका काहीतरी बोलत होती, पण एक अक्षर ऐकू येईल तर शपथ.

बाहेर लॉबीत खासदार सोपानराव बारगळ शेजारच्याला हळूच म्हणत होते, "दोन दिवसांत रडत पट्टी काढायला येतील बघा."

रेवतीताई थांबल्या. त्यांचं अख्खं बालपण आईच्या मागाशेजारी गेलं होतं, आणि मागाच्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच गप्पा मारतात.

"दोन वर्षं लागली तरी नाही येणार, सोपानराव," त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की सगळी लॉबी वळली. "पण लेकीचं गाणं मला लवकर ऐकायचंय. तेव्हा चला, तुमच्याही डोक्याचं माप देऊन येऊ."