तिसऱ्यांदा लावलेला कौल

बिरोबाच्या दगडावर चिकटवलेली उजवी पाकळी टपकन खाली पडली आणि हौसरावाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

दुसऱ्यांदा उजवी! उजवी पडली म्हणजे देवाचा होकार, डावी पडली म्हणजे नकार, हे निमोण्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हौसरावाच्या लेकीनं, प्रतिभानं, दौंडच्या रेल्वेतला परजातीचा मुलगा पसंत केला होता. बापानं हो-नाही देवावर ढकललं होतं, आणि देव दोनदा हो म्हणून बसला होता.

"वारं हाय," हौसराव म्हणाला. "गेणबा, पुन्यांदा लाव. आन् उजवी जरा जास्त भिजव."

झाडाचं पान हलत नव्हतं. पुजारी गेणबानं देवाकडं पाहिलं, हौसरावाकडं पाहिलं आणि वर्षाची ज्वारी ज्याच्या घरून येते त्याचं ऐकलं. हौसरावाच्या बायकोनं, रंगुबाईनं, पदर तोंडाला लावला. नाहीतर ती तिथंच थुंकली असती. तिच्या शेजारी प्रतिभा मान खाली घालून बसली होती.

पाकळ्या चिकटल्या. आता एक पडेपर्यंत बसून राहायचं. तेवढ्यात चपला बाहेर काढून एक बाई आत आली. खांद्याला पिशवी, हातात कागदांचा गठ्ठा. नव्या शतकात खेड्यातली माणसं देवधर्माबद्दल, नीतीबद्दल काय मानतात, याची पाहणी करायला पुण्याहून आली होती म्हणे.

"देवावर श्रद्धा आहे?"

"सोळा आणे."

"देवाचा शब्द पाळता?"

"जीव गेला तरी मोडायचं न्हाई."

"मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न करावं का? जात वेगळी असली तर?"

हौसरावानं मांडी बदलली. "करावं की! जातीला काय चाटायचंय? आमी जुन्या इचाराची मान्सं न्हाई."

बाईनं खुशीत कागदावर खूण केली. प्रतिभानं झटकन मान वर केली, बापाकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. काय हे ध्यान, रंगुबाईच्या मनात आलं. देवासमोर बसून देवालाच फसवतंय, आन् वर ह्या शिकलेल्या बाईलाबी. जिभेला हाड म्हणून न्हाई.

"आणि ताई, तुमचं मत?"

रंगुबाईनं तोंड उघडलं.

"लिवा, तिचंबी त्येच," हौसराव म्हणाला.

बाईनं घड्याळ पाहिलं. गावात अजून एकोणीस घरं व्हायची होती. तिनं दुसरा कागद घेतला, नवऱ्याच्या कागदावरच्या सगळ्या खुणा भराभर त्यावर उतरवल्या आणि आभार मानून उठली.

डावी पाकळी पडली.

"बोलला देव!" हौसरावानं हात जोडले. "इषय मिटला, प्रतिभे. रविवारी शिरूरचं पाव्हणं येत्यात. त्येंच्या म्होरं गुमान बसायचं."

प्रतिभाचे डोळे घळाघळा वाहू लागले. गेणबानं पाकळी उचलून ताटलीत टाकली आणि दिव्याची वात उगीचच सारखी केली.

"थांबा वो बाई," रंगुबाई उठली. बाई दारात चपला घालत होती. "एक ऱ्हायलं लिवायचं. ह्या मान्सानं पायजे ते उत्तर येस्तवर देवाला तीनदा इचारलं. तुमी मला एकदा इचारलं, आन् उत्तर ह्येच्याकडनं घेतलं."

बाई गोरीमोरी झाली. कागद वरखाली करत म्हणाली, "ताई, असं लिहायला यात रकाना नाही."

"मग ठिवा त्ये पिशवीत."

"रंगे, देवळात हाईस!" हौसराव ओरडला.

"म्हनून तर खरं बोलते." रंगुबाईनं लेकीचा दंड धरून तिला उभं केलं. "दोन होकार देवाचं झालं, तिसरा माझा. चल प्रतिभे, दौंडची यष्टी चारला हाय."