झुकणारे फटकारे

प्रदर्शनातल्या सातही नव्या चित्रांत ब्रशाचा प्रत्येक फटकारा उजवीकडे संपताना खाली झुकत होता. गेल्या वर्षीच्या चित्रांतला एकही झुकत नव्हता.

वस्तू त्याच होत्या: सुरई, वाडगा, तीन नाशपाती. आता त्यांचे निव्वळ रंगपट्टे उरले होते. गेरूला खेटून राखाडी, राखाडीच्या कडेला हिरव्याची कोर, आणि या सगळ्यावर लोण्यासारखा जाड, किंचित उबदार पांढरा. रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या थोरल्या बहिणीचाही पाय त्या पांढऱ्यापुढून निघेना. तो पांढरा रंग तिचा चित्रकार भाऊ वर्षभर स्वतःच घोटत होता. नळीतला पांढरा त्याला खडूसारखा निर्जीव वाटे.

समीक्षकांच्या मते वस्तूंचे वजन आता रेषेलाच जाणवू लागले होते. कलादालनाच्या मालकिणीने अशीच झुकती वीस चित्रे मागितली. भावाचे तोंड मात्र उतरले होते. सकाळपासून पोटात मुरडा आहे, टाळ्या पचायला जड जातात, असे म्हणून तो हसला.

बहिणीचा भरवसा स्तुतीपेक्षा मोजमापावर. तिने चित्रांमागच्या तारखा वाचल्या. तारखेगणिक झुकाव वाढत गेला होता. शैली इतक्या शिस्तीने वाढत नाही. तिने भावाला बाजूला घेतले.

"फटकारा असा खाली न्यायचं कधी सुचलं तुला?"

तो हळूच म्हणाला, "ताई, मी सरळच ओढतो गं. कुणाला बोलू नकोस."

तिने त्याला उजवा हात समोर धरायला सांगितले, तळवा खाली. पंजा लोंबला. त्याने मनगट वर उचलू पाहिले; ते उचलले गेले नाही.

त्याच दुपारी ती त्याच्या चित्रशाळेत जाऊन बसली. नेहमीसारखे काम कर, एवढेच तिने सांगितले. त्याने पांढरी भुकटी तेलात घोटली, ब्रश बुडवला, एक फटकारा ओढला. ब्रशाचे केस विस्कटले. चित्रावरची नजर न हलवता त्याने ब्रश ओठांत धरून फिरवला. टोक पुन्हा सुईसारखे झाले.

तिने भुकटीचा डबा उचलला. आकाराच्या मानाने तो फारच जड होता. तिने लेबल वाचले. पांढरा शिशाचा होता. पोटात गेलेले शिसे मनगट उचलणाऱ्या नसा निकामी करते, आणि तिचा भाऊ दिवसातून शंभरदा ब्रशाला ओठांनी टोक काढत होता.